खोगिराखालचं नाव

मी, हिंदुराव कोंडीबा फडतरे, फौजेच्या घोडदळातून निवृत्त, राहणार रहिमतपूर, जिल्हा सातारा, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

१. ओढ्याकाठचं उसाचं रान मुलगा कुणाल याला. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला माझ्या तेराव्याचं जेवण पोटभर वाढावं, रान मात्र वीतभरही सोडू नये. घरात पत्नी सौ. अंजना हिनं हयातभर राहावं. पुढं तेही कुणालचं.

२. घोडी मैना कुणालची मुलगी अक्षता हिला. गावातल्या पोरींना घोड्यावर बसायला आता तीच शिकवते, आणि झकास शिकवते.

३. राहिलं खोगीर, रिकिबी, लगाम. कुणालचं म्हणणं, "आबा, हे विकून टाकू, पोरींचा खटाटोप पुरे." म्हणून सविस्तर लिहितो.

सामान नवं असताना मी खोगिरावर पांढऱ्या रंगानं माझं नाव ठळक रंगवलं. अंजनानं मात्र सगळं सामान भांड्यांच्या दुकानात नेलं आणि पातेल्यांवर घालतात तसं मशीननं 'सौ. अंजना' असं आपलं नाव घालून आणलं: रिकिबींच्या आतून, लगामाच्या कडीवर, खोगिराच्या झडपेखालच्या लोखंडी पट्टीवरसुद्धा. मी लय हसलो. "अगं, ह्यात आमटी करनार हाईस का?"

पुढं तबेल्यातून ते चोरीला गेलं. शिराळ्यात एका दुकानात सापडलं. हवालदाराला घेऊन आम्ही दोघं तिथं गेलो, तर चोरानं माझा रंग खरवडून साफ केलेला. दुकानदार म्हणाला, "हे माझंच हाय." अंजनानं झडप उचलली.

"व्हय? मग हे नाव वाचा की मोठ्यानं. तुमालाबी घरात अंजना म्हणत्यात का?"

हवालदारसुद्धा हसला. काय डोकं बाईचं! घोडदळात उमर घालवून मला हे सुचलं नव्हतं.

चौकीत मी जबाब दिला की, ज्याचं नाव त्याचं सामान, आणि हे सगळं माझ्या पत्नीचं आहे. खाली माझी सही आहे. जे माझं नाही ते मी कुणाला देणार? कुणाल, तुझा हक्क तिथं पोचत न्हाई रं. शिकवायचं की विकायचं, ते अंजना ठरवेल.

४. मी गेल्यावर कुणीतरी शहाणा म्हणेल, आता त्या नावापुढचं 'सौ.' काढा. रिकिबींना कानस लावायची नाही. ते तसंच राहील.

स्थळ: रहिमतपूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४
(सही) हिंदुराव कोंडीबा फडतरे

आम्हा दोघांदेखत वाचून सही केली.
साक्षीदार: दादासो ज्ञानू निकम, ऋषिराज जयराज भोसले