आतलं अस्तर

प्रिय स्वर्णा,

जगत्यालहून चक्क पत्र आलेलं पाहून तू आधी हसशील. हातात फोन असताना ही बाई कागद कशाला खराब करतेय, म्हणशील. पण फोनवर तू मला सलग बोलू देत नाहीस, आणि आज मला सलग बोलायचंय. घरचं सगळं ठीक आहे. प्रवीणच्या दुकानाला गिऱ्हाईक आहे, मुली माझ्या खांद्याला लागल्यात. संक्रांतीला माझ्या सासूबाईंनी, अत्तम्मांनी, तांदळाच्या पिठाचे सकिनालु तळले, माझ्या वाट्याचे डब्यात काढून ठेवले आणि सूनबाईला ऐकवायचंही सोडलं नाही, "डॉक्टरीणबाईंना गावभरच्या बायकांची पोटं शिवायला वेळ आहे, पिठात हात घालायला नाही."

मला तुला लावण्याबद्दल सांगायचंय. रायकलकडची, बिड्या वळणारी मुलगी. नवरा मस्कतला. आधीची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची, आता हे तिसरं. दुसऱ्यानंतर तिच्या पोटात ओढ लागायला लागली. मांडीवर सूप घेऊन वाकली की आतून कुणी दोरी ओढल्यासारखं व्हायचं, त्यामुळे बिड्या कमी भरायच्या. सासू राजव्वा तिच्या देखतच मला म्हणाली, "टाके कधीच सुकले, मॅडम. नवऱ्याशी फोनवर बोलताना हिला दुखत नाही, पानं कातरतानाच बरं दुखतं." लावण्या खाली बघतच म्हणाली, "फोनवर बोलायला वाकावं लागत नाही, अत्तम्मा." मला तिथंच ती आवडली.

राजव्वाने गावच्या भटजींकडून, पंतुलुंकडून मुहूर्त काढून आणला होता. नंतर राहुकाळ लागतो म्हणे, त्याआधी बाळ बाहेर हवं. मी म्हटलं, राहूला थोडं थांबायला सांगा, आत काय आहे ते मला आधी बघू दे. ते बरंच झालं. वरचा व्रण इतका सुरेख होता, की बोटाने चाचपून शोधावा लागला. आत मात्र शिरायला जागाच नव्हती. गर्भाशय पोटाच्या भिंतीला सपाट चिकटलेलं, मूत्राशय वर ओढलं जाऊन त्याच्यावर पसरलेलं, आतड्यांवरचा चरबीचा पदर जुन्या व्रणात अडकलेला. नेहमीच्या जागी सुरी चालवली असती तर सरळ मूत्राशयात गेले असते. मी वर सरकत गेले, गर्भाशयाचा मोकळा भाग सापडला, तिथं चीर घेतली. मुलगी झाली, खणखणीत रडली. मग बसले एकेक पदर सोडवत. लावण्याच्या कमरेखालीच भूल होती, ती पडल्या पडल्या विचारते, "मॅडम, आत दोरी सापडली का?" मी म्हटलं, "सापडली, आणि कापतेय." "मग माझ्या सासूला दाखवा," म्हणाली. मूत्राशयाला धक्का लागला नाही, गर्भाशयही वाचलं.

मी राजव्वाला बाहेर गाठून सगळं सांगितलं. ही नाटक करत नव्हती, म्हटलं. ती म्हणाली, "नसबंदीनंतर माझंही असंच ओढायचं. मला कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं, आता मी विचारते. तर पदराने तोंड पुसत म्हणाली, "आता काय विचारता, आता त्याची सवय झाली." परवा टाके दाखवायला दोघी आल्या तेव्हा बाळ राजव्वाकडे होतं आणि दुसरा हात सुनेच्या पाठीवर. तोंड मात्र तेवढंच तिखट होतं.

लावण्याच्या ऑपरेशनपासून माझ्या डोक्यात एकच भुंगा आहे. वरंगळला आपले सर पोटाच्या आतलं ते पातळ अस्तर बारीक धाग्याने शिवल्याशिवाय पोट बंद करू देत नसत. नंतरच्या मॅडम म्हणायच्या, शिवू नका, ते आपोआप जुळतं, उलट धाग्यामुळेच चिकटतं. त्यावरून होस्टेलवर आपण जेवणं सोडून भांडलो, तू शिवणाऱ्यांच्या बाजूची, मी न शिवणाऱ्यांच्या. लावण्याची आधीची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांना मी फोन केला. रागावतील असं वाटलं होतं, पण म्हातारबुवा इतके रंगून बोलले की फोन ठेवेनात. ते कधीच शिवत नाहीत. आणि गंमत बघ, थोड्याच दिवसांत त्यांच्याच हातची दुसरी बाई माझ्या टेबलावर आली, तीही न शिवलेली, आणि आतून अगदी कोरी, कुठेच काही चिकटलेलं नाही. मग लावण्याचंच असं का झालं? रक्ताच्या गुठळ्या आत राहिल्या? कोरड्या फडक्याने पुसलं? नंतर ताप आला? की एकेकीचं अंगच तसं? मी आता अस्तर शिवते, फडकी ओली ठेवते, गुठळ्या धुऊन काढते. पण खात्री कशाचीच नाही. माझ्या हातच्या बायका पुढच्या खेपेला माहेरच्या गावी, नाहीतर दुसऱ्याच कुणाकडे जातात. माझं काम आतून कसं निघालं ते मला कधी दिसतच नाही, आणि ज्याला दिसतं तो सांगत नाही.

आता पत्राचं खरं कारण. स्वर्णा, मला पाचवा महिना आहे. या वयात, न ठरवता. प्रवीण हरखलाय, अत्तम्मा नावं शोधतायत. काल सोनोग्राफीच्या पडद्यावर मी स्वतः पाहिलं, बाळाची वार खाली आहे, माझ्या दोन सिझेरियनच्या व्रणावरच, आणि तिच्या नि मूत्राशयाच्या मधली रेघ मला कुठेच सापडली नाही. ती व्रणात रुतली असेल तर सुटायची नाही, रक्त थांबायचं नाही. घरी मी फक्त वार खाली आहे एवढंच बोललेय. हैदराबादला तुझ्या हॉस्पिटलात रक्तपेढी आहे, मूत्राशयाचे सर्जन आहेत, म्हणून मी तिथं येणार हे नक्की. पण सुरी तू धरावीस. आपल्या माणसावर हात चालत नाही, असं तू म्हणणार हे मला माहीत आहे. तरी धर. गर्भाशय काढावं लागलं तर काढ, त्यासाठी बाहेर जाऊन प्रवीणला विचारत बसू नकोस, त्याच्याशी मी आधीच बोलून ठेवीन. मला पूर्ण भूल द्यावी लागेल, म्हणजे मला काही दिसणार नाही, याचंच जास्त वाईट वाटतंय. शुद्धीवर आले की आधी बाळाचं सांग, मग आत काय काय दिसलं ते सगळं, गोड न करता. आणि शुद्धीवर आलेच नाही, तर मुली जरा मोठ्या झाल्यावर ते त्यांना सांग. त्या विचारल्याशिवाय राहणार नाहीत, तशाच वाढवल्यात मी त्यांना.

तुझीच,
रजिता