उत्तर न आलेल्या प्रार्थनेची साक्ष

पुंडलिकनगर, शुक्रवार

ख्रिस्तात प्रिय रूथआत्याबाई,
सलाम.

तुम्ही लहानाचा मोठा केलेला तुमचा भाचा, माझा नवरा स्तेफन, गेला, तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून तुम्ही म्हणालात, "मोनिका, तुझाच विश्वास कमी पडला." तेव्हापासून वर्षभर चर्चमध्ये नुसते ओठ हलवले, हे आज कबूल करते.

परवा शहागंजात जुन्या पुस्तकांत एका म्हाताऱ्या पाळकाच्या आठवणींचं पुस्तक मिळालं. त्यांची लेक तापानं गेली. मग दोन वर्षं त्यांना प्रार्थनाच करता आली नाय. तरी दर रविवारी चर्च उघडून झाडून काढायचे. लिहितात, 'देवावर फार रागावलो होतो, पण भांडायला तरी त्याच्याच घरी जावं लागायचं.' वाचून मी खदखदून हसले, आत्याबाई. वर्षानं हसले.

या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढं साक्ष द्यायला मी नाव दिलंय. सगळे प्रार्थनेला मिळालेल्या उत्तराची साक्ष देतात. मी सांगणार, "आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, उपास केले, स्तेफन वाचला नाय, तरी मी आलेय." त्यावर कुणी हालेलूया म्हणो, न म्हणो.

हे पत्र रागात सुरू केलं होतं, म्हणून पाठवत नाय. पुस्तक मात्र पाठवते. भांडणाचं ते पान दुमडून ठेवलंय. गेल्या रविवारी प्रभूची प्रार्थना चालली होती, तेव्हा माझं लक्ष तुमच्याकडं गेलं. तुमचे तर ओठसुद्धा हलत नव्हते.

तुमचीच सून,
मोनिका