प्लॉटची किंमत

१२ फेब्रु. १९७३, दौंड
संचालकांनी व्याज उतरवलं तेव्हापासून बँकेत प्लॉटवाल्यांचीच रीघ. चेअरमनचा मेहुणा, सगळे त्याला शेठ म्हणतात, त्यानं स्टेशनापलीकडच्या शेतात प्लॉट पाडलेत. एक स्वतःच्याच दिवाणजीला दीडपटीनं विकला. जागेची किंमत लिहायचं काम माझं. मॅनेजर म्हणाले, "खरेदीखतात आहे तीच टाका." टाकली. त्यावर कर्ज मंजूर.

३ एप्रिल
तोच प्लॉट. तिसरा मालक, तोही शेठचाच माणूस. जागेवरच्या बाभळी तशाच. आमचं कर्ज उचलायचं, त्यातून शेजारचा प्लॉट चढ्या भावानं घ्यायचा, त्या भावावर पुन्हा आमचंच कर्ज. सही केली. पगारवाढ याच महिन्यात.

२१ जून
गायकवाडमामा आले. आमच्या न्हावऱ्याचे, इथं रेल्वेत फिटर. पुढच्या साली रिटायर, क्वार्टर जाणार. गावात घर राहिलं नाही. "बँकेत हाईस तू. घिऊ का थांबू?"
म्हटलं, घ्या मामा, पुढं परवडायची नाही.
खोटं नव्हतं. भाव आम्हीच चढवत होतो. चढणार हे मला नाही तर कुणाला ठाऊक?
फंडातून उचल, उरलेलं आमचं कर्ज. विकणारा शेठ.

९ ऑग. १९७४
वरून हुकूम. व्याज वाढवा, प्लॉटवर नवं कर्ज बंद. जुन्या कर्जांनाही नवा दर. शेठचे सगळे प्लॉट उन्हाळ्यातच विकून झालेत. त्याला आधी कसं कळलं, हे विचारायचं नसतं.

३० सप्टें.
भाव निम्म्यावर, तरी गिऱ्हाईक नाही. मामा रिटायर. घर बांधायला कर्ज मागितलं, मॅनेजरनी उभ्या उभ्या नाही म्हटलं. आता प्लॉटवर पत्रे टाकून राहतात. संध्याकाळी गेलो. मामींनी चहा दिला. म्हणाल्या, "जमीन तीच हाय न्हवं? मंग किंमत कुठं गेली?"
अर्धा कप ठेवून उठलो.

१८ नोव्हें.
मॅनेजर : "गायकवाडांची जागा आता कर्जाएवढीही भरत नाही. आजची किंमत लिहून द्या. फरक भरला नाही तर लिलाव."
मामांचा एकही हप्ता चुकलेला नाही. हे बोललो. त्यांनी फाईल पुढं सरकवली. लिलावात घेणारा तयार आहे. शेठ.
दुपारी मामा हप्ता भरायला आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं. "तूच लिव्हणार हाईस म्हणं. मंग मला घोर न्हाई."
बँक बंद होईतो बाहेरच्या बाकावर बसून होते. मी मागच्या दारानं निघालो.
आकडा अजून टाकलेला नाही.