सत्तेचाळीस नंबरची तिपाई

तीर्थरूप आक्का,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार, आणि उत्तराला तीन महिने लावले म्हणून आधीच कान पकडतो. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं पत्र आलं त्याच दिवशी मी कागद घेऊन बसलो होतो. पण मग वाटलं, डोळ्यावर पट्टी असताना पत्र वाचणार कोण? पट्टी निघाली असेल असं वाटायला लागलं तोवर दुसरी काळजी लागली, की डॉक्टरांनी वाचायला मनाई केली असेल आणि माझ्या पत्रापायी डोळा पुन्हा बिघडला, तर तुझी सून मला जन्मभर ऐकवेल. (माझा जन्म फार उरलेला नाही, पण तिचा आवाज तुला ठाऊक आहे.) आता दिव्याभोवती कडं दिसतं का? दिसत असेल तर लगेच दाखव, अंगावर काढू नकोस. माझे गुडघे तसेच. खाली बसलो की उठता येत नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याचं मूळ या गुडघ्यांतच आहे.

आपल्या गावात शहाण्या माणसांनी इतिहास मंडळ काढलं आहे. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, चिटणीस औषधांच्या दुकानाचा मालक, बाकीचे सभासद चहापुरते. बंद पडलेल्या डेअरीची खोली त्यांनी चुना मारून घेतली (आंबट वास गेलेला नाही) आणि घरोघर फिरून जुनंपानं गोळा केलं. जे माळ्यावर धूळ खात होतं ते आता टेबलावर खातं, एवढाच फरक. प्रत्येक वस्तूला नंबर, रजिस्टरात नोंद आणि समोर पुठ्ठ्यावर माहिती. ती माहिती वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. उंदराच्या पिंजऱ्यापुढे लिहिलंय ‘पक्षी पाळण्याची पेटी’. बैलाच्या तोंडाला बांधायचं दोरीचं मुसकं खिळ्याला टांगलंय आणि खाली ‘योद्ध्याचे शिरस्त्राण’. चिटणीसाने ते डोक्यात घालून फोटो काढला आणि पेपरात दिला. मी म्हणालो, अहो, ते बैलाचं आहे. तर म्हणतो, ‘काका, तुमचं शिक्षण किती?’ चौथी, म्हटलं, पण बैल वीस वर्षं हाकलेत. ‘ते असू द्या. इतिहास हा वेगळा विषय आहे.’ (याच्या दुकानातून मी रक्तदाबाच्या गोळ्या आणतो. त्या दिवसापासून पाकीट तीनदा वाचून मगच गोळी तोंडात टाकतो.)

तर झालं असं. मंडळाच्या सभेची चिठ्ठी आली, तीत खाली बारीक अक्षरात होतं की खुर्च्या कमी असल्याने प्रत्येकाने आपली बैठक सोबत आणावी. मी बाबांची तिपाई घेऊन गेलो. बाबांनी सुतारकीत आयुष्य घालवलं, गावाला दारं, पाळणे, खाटा करून दिल्या, पण घरासाठी केली ती एवढी एकच तिपाई. अध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलं तेव्हा मला बाहेर जावं लागलं. (या वयात भाषण आणि लघवी, दोन्ही लांबतात.) परत येऊन पाहतो तर तिपाई टेबलावर, रजिस्टरात नंबर सत्तेचाळीस, आणि पुढे पुठ्ठा : ‘तिपाई. ग्रामस्थांकडून भेट. कारागीर अज्ञात.’ उरलेली सभा मी उभ्याने ऐकली.

अज्ञात! आक्का, तिपाई गेल्याचं दुःख नंतर झालं, आधी तो शब्द लागला. बाबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाला तापल्या टोच्याने तीन ठिपके द्यायचे. तू चुलीत टोच्या तापवून द्यायचीस आणि मी मागे उभा राहून रडायचो. (बोट भाजेल म्हणून. तुझं.) मी म्हणालो, उलटी करून बघा. उलटी केली. पण मंडळाचा नियम असा की नंबराची चिठ्ठी दिसणार नाही अशा जागी चिकटवायची, म्हणजे पोटालाच. ती बरोबर ठिपक्यांवर बसलेली! नखाने खरवडायला गेलो तर चिटणीस ओरडला, ‘काका, ऐतिहासिक वस्तूला हात लावू नका!’ अर्ध्या तासापूर्वी मी तिच्यावर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन गेलो आणि एकेक वस्तू खालून पाहिली. कुठे एक ठिपका चिठ्ठीबाहेर डोकावतोय, कुठे अर्धा. अकरा वस्तू बाबांच्या, अकरा वेळा अज्ञात. मग माझी नजर अध्यक्षांच्या खुर्चीवर गेली. ती रोजच्या वापरातली, म्हणून तिला नंबर नाही, म्हणजे चिठ्ठीही नाही. अध्यक्ष तीत बसलेले. मी म्हणालो, सर, जरा उठता का? ते उठेनात, म्हणून मीच खाली आडवा झालो. तीनही ठिपके लख्ख! मी खालून एवढा आरडाओरडा केला की शेवटी हेडमास्तरही वाकून खाली आले. बराच वेळ बघत राहिले. ‘तीनच आहेत,’ म्हणाले. मी म्हणालो, तीनच असतात. मग आम्हा दोघांनाही उठता येईना. चिटणीसाने आधी त्यांना ओढलं, मग मला, आणि रजिस्टरात लिहिलं की वस्तूंची पाहणी करण्यात आली.

ठिपके मान्य, पण ते कोणाचे याचा लेखी पुरावा काय, असं हेडमास्तर विचारतात. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचा लेखी पुरावा! अखेर एवढ्यावर आले, की ठिपके देताना ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचं पत्र आणा. माझं चालत नाही, कारण तक्रार माझीच. आता तू एकटीच उरलीस. वीस तारखेला उद्घाटन आहे आणि अठराला पुठ्ठे छापायला जातात. एकदा छापले की बाबा कायमचे अज्ञात.

तुझा,
किरकिऱ्या

ता. क. : त्याच पत्रात एक ओळ घाल, की तिपाई माझी आहे. रजिस्टरातल्या ‘मूळ मालक’ या रकान्यात मी माझं नाव लिहून बसलो आहे.

ता. क. : हे सुनेला वाचू देऊ नकोस. ती तिपाई बाबांनी तुझ्यासाठी केली होती, चुलीपुढे बसायला, हे मी विसरलेलो नाही. चाळीस वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून तुझ्या घरून आणली, हेही आठवतं. परत करायची होतीच.

ता. क. : खोटं लिहायला हात धजत नसेल तर तिपाई तुझीच म्हणून लिही, मी खाटेच्या कडेवर बसेन. पण बाबांचं नाव आधी लिही, ठळक लिही. डोळा दुखत असेल तर तेवढंच लिही. पण आक्का, माझ्यासारखे तीन महिने लावू नकोस. आज अकरा तारीख आहे.