आरशामागची ओल

दि. ४ फेब्रुवारी २०२६, बुधवार. सकाळी ६.४०.
पाणी भरत होतो. आज पाचव्या दिवशी नळ आला. तिसरी घागर चालू असताना दादाचा पुण्याहून फोन. इतक्या लवकर तो कधी करत नाही. आईचे गुडघे कसे आहेत हेही विचारले नाही. म्हणाला, "सुन्या, घराला जरा रूप आणू या. फार काही नको. एक भिंत गडद रंगवू, ट्यूब काढून पिवळे दिवे लावू, दाराच्या मुठी बदलू. पैसे मी पाठवतो."
बाबा गेल्याला तीन वर्षे झाली. तेवढ्या काळात दादाने या घरात एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. मग आत्ताच का?
ठेवता ठेवता म्हणाला, "आधी आहे तसे फोटो पाठव. दोन्ही खोल्या, मोरी, दारापुढचा भाग."
रंग लावून घेणार मी. फोटो त्याला कशाला?

५ फेब्रु., गुरु.
फोटो पाठवले. मोरीचा मुद्दाम पाठवला नाही. दहा मिनिटांत त्याचा मेसेज : "मोरी?"

७ फेब्रु., शनि.
दादाचे पाच हजार जमा झाले. रफिकभाई पेंटर येऊन पाहून गेले. खिडकीसमोरची भिंत मोरपंखी, बाकीच्या तीन साईच्या रंगाच्या. मोरपंखी व्हायच्या भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला आणि मान हलवली. "दिवार ओली हाय भाई. मोरीचं पाणी पितीय. आधी सुकने दो, फिर रंग."
दादाला सांगितले. तो : "आता वेळ नाही. ओल आहे तिथे मोठा आरसा लाव. खिडकीचा उजेड पण खोलीभर होईल."
वेळ नाही म्हणजे? कुणाला घाई आहे?

८ फेब्रु., रवि.
दिवाळीत वहिनी म्हणाली होती, "सोलापूरचं ते काढून टाकलं तर इथल्या फ्लॅटचे हप्ते किती हलके होतील." हसत म्हणाली, म्हणून तेव्हा लिहिले नाही. आज लिहून ठेवतो.
घर अजून बाबांच्याच नावावर आहे. वारस आम्ही तिघे. आईची सही दादा पाच मिनिटांत घेईल. उरलो मी.

१० फेब्रु., मंगळ.
कारखान्यात माझ्याशेजारी अंबादास टॉवेलांच्या घड्या घालतो. त्याला नुसते सांगितले की घरात रंगकाम आहे. तर म्हणाला, "विकताय व्हय? म्हैस बाजाराला न्यायच्या आधी शिंगं रंगवत्यात, तसं."
दिवसभर घड्या चुकत होत्या. दोन डझन परत मोजले.
ठरवले : मुठी, दिवे, कुंड्या माझ्या पैशांतून. उद्या विषय निघाला तर या घरात माझाही खर्च दिसला पाहिजे. पावत्या वहीत चिकटवतो आहे.

१२ फेब्रु., गुरु.
खरे लिहायचे तर भिंत सुंदर झाली. वेताची टोपली उलटी करून तिच्यात पिवळा दिवा सोडला. संध्याकाळी लावला तर छतावर विणीची नक्षी उमटली. शहाबादी फरशी घासून तेल लावले, काळी कुळकुळीत दिसते. बाबांचे मागावरचे दोन लाकडी धोटे दाराजवळ आडवे ठोकले, त्यांच्यावर किल्ल्या. आईने ठेवणीतली मोराची चादर काढून दिली. ती पांघरायची नाही, दांडीवर टांगायची, हे तिला पटवायला अर्धा तास लागला.
आई दिव्याखाली उभी राहून म्हणाली, "आपलंच घर हाय का रं ह्ये?"
तिला काही माहीत आहे का?
नोव्हेंबरात माझ्यासाठी वैरागचे पाहुणे आले होते. "घरात उजेड न्हाय," म्हणून गेले ते गेलेच. तेव्हाच मी आई-दादा दोघांना सांगितले, आता मला विचारल्याशिवाय कुणालाही आणायचे नाही. तेव्हा उजेडाची कुणाला फिकीर नव्हती. आता आहे.

१४ फेब्रु., शनि.
आरसा आला. दादाने तिकडूनच मागवून पाठवला, १,४५० चा. ओल बरोबर झाकली गेली. मला अशी झाकलेली वस्तू आवडत नाही.
आईने ट्रंक उघडून घराचा उतारा आणि घरपट्टीची पावती काढली होती. शेजारच्या मुलीकडून दोन्हींचे फोटो काढून दादाला पाठवले. माझ्याकडून नाही.
"कशाला हवंय त्याला?"
"मला काय कळतंय त्यातलं? त्यानं मागितलं, दिलं."
न कळणारी गोष्ट आई कधीच करत नाही. भाजीवाल्याकडूनही दोनदा वजन करून घेते.

१८ फेब्रु., बुध.
कामावरून आलो तर आई फोनवर. मला बघून, "नंतर बोलते, आलाय त्यो." विचारले तर म्हणे मावशीचा फोन. नंबर पाहिला. दादाचा.
आईने सहा नवे कप आणले आहेत. आम्ही दोघे आहोत.

२० फेब्रु., शुक्र.
झोप नीट नाही. हे घर गेले तर आई पुण्याला जाईल, तिला एक खोली मिळेल. मी कुठे? बारावी नापास माणसाला तिथे कोण ठेवून घेणार? इथे निदान माझी माणसे आहेत, काम आहे, हे दार आहे. मुठी मीच बसवल्या, चार स्क्रू परत काढून सरळ केले.
कागद पुढे आला तर सही करायची नाही. एवढे पक्के.

२२ फेब्रु., रवि. दुपारी ३.
क्रमाने लिहितो.
सकाळी नऊला दादा : "दुधनीचे माझ्या ओळखीचे दोघं येतील. त्यांनाही घराचं असंच काम करायचंय. बघू दे. पोहे-चहा दे. आणि सुन्या, नीट बोल. नवा शर्ट घाल."
भिंत दाखवायला नवा शर्ट? गिऱ्हाईकच, शंका उरली नाही. जुनाच घातला.
सव्वाअकराला आले. जाड मिशांचे एक गृहस्थ आणि त्यांची बहीण. आपापसात कानडी. मला एवढेच कळते की "मने" म्हणजे घर. तो शब्द चारदा आला.
बाई टोपलीच्या दिव्याकडे बघून म्हणाल्या, "लई छान केलंय की." मिशीवाल्यांनी भिंत बोटाने ठोकून पाहिली. मग विचारणे सुरू. घर कुणाच्या नावावर? भाऊ किती? पाणी कधी येतं?
मी खरे सांगितले. जरा जास्तच खरे. नाव अजून वडिलांचे, वारस तिघे. पाणी पाचव्या दिवशी, तेही भलत्या वेळी. पावसाळ्यात गटार उंबऱ्यापर्यंत. आतून आईचे खोकणे. मला वाटले, फोडणीचा ठसका.
बाई : "भांडी कोण घासतं?"
प्रश्न विचित्र वाटला. "आईचे गुडघे दुखतात. मीच घासतो."
त्या हसल्या. मिशीवाल्यांनी पगार वेळेवर होतो का विचारले. घर घेणाऱ्याला माझ्या पगाराशी काय करायचे, हे तेव्हाच डोक्यात यायला हवे होते. नाही आले. डोक्यात एकच घोळत होते.
उठलो आणि आरसा उतरवला. मागे ताटाएवढी ओल, रंगाचे पोपडे सुटलेले. म्हणालो, "हे बघून घ्या. आरसा ही झाकायला लावलाय. जूनपर्यंत अख्खी भिंत सुटेल. दादाने तुम्हाला काहीही सांगितलं असू दे, माझ्या सहीशिवाय हे घर कुणाला मिळणार नाही. आणि मी सही करणार नाही."
बाईंनी बशी खाली ठेवली.
"आम्ही घर घ्यायला आलोय, असं कोण बोललं तुम्हाला?"
आरसा हातात तसाच. त्यात मी, माझा जुना शर्ट, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात कपाळावर हात मारून घेतलेली आई.
ते गेल्यावर ती म्हणाली, "पोरीचा मामा आन मावशी हायत रं ती! तू कुणाला आणू नका म्हणून बसलास. म्हणून आमी दोघांनी ठरवलं, आदी त्यांनी घर बघावं, मानूस बघावा. व्हय म्हणाले तर तुला सांगायचं. बघितला की मानूस!"
पोहे उरले आहेत. दोघांनीही खाल्ले नाहीत.

२३ फेब्रु., सोम.
दादाचा फोन. आधी नुसते ओरडणे. "घराचा दलाल समजलास मला? सख्ख्या भावाला?" मग आवाज खाली आला. वैरागच्या लोकांनी म्हणे दोन खोड्या काढल्या होत्या. घरात उजेड नाही, आणि घरावर मुलाचे नाव नाही. पहिलीसाठी हा रंग आणि दिवे. दुसरीसाठी तो आपला हिस्सा माझ्या नावे सोडणार होता, हक्कसोडपत्र करून. उतारा त्यासाठी वकिलाला हवा होता.
विचारले, "वहिनीला माहीत आहे?"
तो : "तिला मी सांगतो."
म्हणजे सांगितलेले नाही.

२४ फेब्रु., मंगळ.
आई म्हणते, हक्कसोडीचे दादाने संक्रांतीलाच सांगितले होते. पण आई दादाचेच सांगणार.
अंबादास : "आता म्हणायला त्याचं काय जातंय? कागद दिसू दे की."
मला अंबादासचा राग आला. मग माझाच आला, कारण मीही तेच म्हणत होतो.
खरोखर सोडणार होता असे धरले, तर मी रविवारी त्याच्या माणसांपुढे त्याला खोटा पाडला. खोटे बोलतो असे धरले, तर... तसे धरवत नाही. आणि सोडवतही नाही.

२६ फेब्रु., गुरु.
रफिकभाईंना बोलावून ओलीची भिंत विटेपर्यंत खरवडून घेतली. मोरीकडूनही सांधे भरले. आठवडाभर उघडी ठेवायची. म्हणाले, "पैले दिन बोला था ना मैं?" बोलले होते.
दुपारी दुधनीहून आईला फोन. मुलीची मावशी. "हो" नाही, "नाही"ही नाही. एवढेच की मुलीने विचारले आहे, आरसा परत लावला का?
आईने मला विचारले, काय सांगू. म्हटले, "सांग, भिंत वाळल्याशिवाय लावणार नाही."
आईने तसेच सांगितले. पलीकडून मावशी "बरं" म्हणाली. ते "बरं" कसे म्हणाली, हे आईला तीनदा विचारले.

१ मार्च, रवि. रात्री ८.
दादा : "शुक्रवारी सकाळी येतोय. तुझं आधार कार्ड काढून ठेव. आईचंही. दोघांचे दोन-दोन फोटो."
कशासाठी ते बोलला नाही. मी विचारणार होतो. तोंडापर्यंत आले होते. "बरं," म्हणालो आणि ठेवला.
कागद आधी मी वाचणार. सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत, तो समोर बसलेला असताना. त्याला वाईट वाटले तरी.
वहिनी येणार आहे का, माहीत नाही.

खर्च, आजपर्यंत.
मुठी व कड्या ९६०. टोपली, होल्डर, दिवे ६९०. कुंड्या व रोपे ४२०. चादरीची दांडी ३१०. ओलीचे काम १,८०० ठरले, पैकी दिले १,०००.
माझे गेले : रु. ३,३८०.
देणे : रफिकभाई रु. ८००.
दादाने घातलेले, रंग व आरसा धरून : रु. ६,४५०. हे देण्यात धरायचे की नाही, ते शुक्रवारी. तोपर्यंत पेन्सिलीने लिहिले आहे.