काकणाचं घरटं कोणी दाखवलं

सर, काल मी आठवीच्या मुलींना घेऊन खाडीवर गेले होते. होडी तिची होती, खाडीवरच्या त्या बाईची. तुमच्या वेळी ती कंबरभर चिखलात उभी राहून कालवांचे शिंपले फोडायची. आता तिच्या दोन होड्या आहेत, अलिबाग-मुंबईहून माणसं येतात आणि ती त्यांना कांदळवनातून फिरवून पक्षी दाखवते. प्रत्येक पक्ष्यापाशी ती वल्हं थांबवते आणि म्हणते, "हे मला मास्तरांनी शिकवलं." काल दीड तासात हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. मी मोजत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी पन्नाशी ओलांडली, तरी मोजत होते.

तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायला आलात तेव्हा मीही आठवीतच होते. एका रविवारी तुम्ही सगळ्या वर्गाला खाडीवर नेलंत. पुढच्या रविवारी सातजण आले, त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटीच. मग ते रविवार थांबलेच नाहीत. मी डी.एड. करून आपल्याच शाळेत लागले, तुम्ही निवृत्त झालात, तरी रविवारी सकाळी बोर्लीच्या नाक्यावर मी तुमच्या स्कूटरची वाट बघत उभी असायचे. दुर्बीण माझ्या गळ्यात असायची, कारण तुमची मान दुखायची. एकदा दूरच्या ठिपक्याकडे बघून मी झटकन म्हणाले, "तुतवार!" तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. म्हणालात, "नाव माझ्यासाठी घेतलंस. पक्षी बघितलास का?" मला रडू आलं होतं. पण घरी जाताना बरंही वाटलं, की तुम्ही रागावलात ते मला, दुसऱ्या कुणाला नाही.

मग ती आली. आली म्हणजे ती तिथेच होती, आपणच तिच्या कामाच्या जागी जाऊन उभे राहायचो. ओहोटीची वेळ, आपण दोघं बांधावर, तुम्ही मला सांगताय की हा तुतवार बहुधा आज नवा आलाय. खालून चिखलातून आवाज आला, "नवा न्हाय मास्तर. ह्यो कालचाच हाय. डाव्या पायाची बोटं न्हाईत त्याची. गेल्या साली पण आलेला." तुम्ही माझ्या गळ्यातली दुर्बीण ओढून डोळ्यांना लावलीत, पट्ट्यासकट, मी तुमच्याबरोबर वाकले. बोटं नव्हती. सर, तुमचा तो चेहरा मला अजून दिसतो. चौदा वर्षं मी तुमच्या शेजारी उभी होते आणि माझ्या कुठल्याही बोलण्याने तो चेहरा तसा झाला नव्हता. तिला अक्षरओळख नव्हती. मी तुमच्या नोंदवह्या सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे. त्या दिवसापासून तुम्ही मला लिहायला सांगायचात आणि बघायला तिला.

काकणाचं घरटंही तिलाच सापडलं. काकण म्हणजे समुद्री गरुड, त्याचं नाव काढलं की तुम्ही लहान मुलासारखे व्हायचात. कितीतरी वर्षं ती जोडी दिघीच्या बाजूला उडताना आपण बघत होतो आणि घरटं काही मिळत नव्हतं. ती लाकडं आणायला टेकडीवर गेली होती, एका जुन्या आंब्याखाली तिला समुद्रसापांची हाडं पडलेली दिसली. समुद्रातले साप डोंगरावर कसे आले, म्हणून तिने मान वर केली, तर वर घरटं. तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी चहा टाकत होते. तिने सांगितलं. तुम्ही उठलात, खुंटीवरची दुर्बीण काढलीत आणि तिच्या गळ्यात घातलीत. "ही आता तुझी." ती म्हणाली, "मास्तर, मला कशाला? मला असंच दिसतं." तुम्ही हसलात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तुला काय, तू पगारदार आहेस, तू नवी घेशील." चहा उतू गेला. शेगडी पुसायला मी बराच वेळ लावला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी बोर्लीच्या बाजारात चौघं भेटले. मोठमोठे कॅमेरे होते. इथे गरुडाचं घरटं आहे असं ऐकलंय, कोणी दाखवेल का, असं विचारत होते. तुम्ही आम्हा दोघींना बजावलं होतं की अंडी आहेत, कुणाला कळता कामा नये. मी त्यांना वाट सांगितली. नुसती सांगितली नाही, पिशवीतून वही काढून नकाशा काढून दिला. का दिला, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. एवढंच वाटलं होतं, की ते घरटं फक्त तुमचं आणि तिचं राहू नये.

ते तीन दिवस आंब्याखाली बसले. समोरच्या फांद्या आड येत होत्या म्हणून कोयत्याने तोडल्या. चौथ्या दिवशी आपण वर गेलो तेव्हा जोडी नव्हती. दुपारपर्यंत थांबलो. कावळे घरट्यात उतरले, तेव्हा तुम्ही खाली बसलात.

तिच्या नवऱ्याने त्याच सुमाराला पाहुण्यांना होडीतून फिरवायला सुरुवात केली होती, म्हणून तुम्हाला तिचाच संशय आला. बंदरावर, मासळीच्या टोपल्या उतरत होत्या त्या गर्दीत, तुम्ही तिला म्हणालात, "उद्यापासून माझ्याकडे यायचं नाही." ती म्हणाली, "मी न्हाय सांगितलं, मास्तर. माझ्या पोरांची शपथ." तुम्ही पाठ फिरवलीत. तिने गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली, कारण तुम्ही घेत नव्हतात. मी ती घेतली, सर. तुमच्या मागे चालत आले आणि तोंड उघडलं नाही.

पुढची दोन वर्षं तुम्ही माझ्या एकटीचे होतात. मला हवं होतं तसंच झालं होतं. पण तुम्ही बांधावर नुसते बसायचात. मी पक्षी दाखवायचे, तुम्ही "हं" म्हणायचात. कधीकधी खाली चिखलात कोणी बाई वाकलेली दिसली की तुमची नजर तिकडे जायची, आणि मी तिकडे पाठ करून बसायचे. मग तुमचं दुखणं आलं. शेवटच्या दोन महिन्यांत रोज दुपारी मी डबा आणायचे, तुम्ही दोन घास खाऊन म्हणायचात, "तुझ्या हाताला चव आहे हो." मला वाटायचं, चला, एवढं तरी फक्त माझं आहे.

काल होडीत मुली पुढे बसल्या होत्या, मी मागे तिच्याजवळ. ती सहज म्हणाली, "बाई, मास्तर जायच्या आधी माझ्याकडे आलेले, ठाव हाय?" मला ठाऊक नव्हतं. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून तुम्ही तिच्या वाडीत गेलात, ओट्यावर बसलात, तिच्या हातची कालवांची आमटी प्यायलात आणि तिला म्हणालात, "चूक माझी झाली. तू सांगितलं नव्हतंस." तिने विचारलं, मग कोणी? तुम्ही म्हणालात, "ज्याने केलं त्याला ठाऊक आहे. तू मनात ठेवू नकोस."

लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी मनात आलं ते हे, की तिच्याकडे आमटी प्यायलात आणि माझ्या डब्यातले दोनच घास. तिच्यासाठी तेवढ्या दुखण्यात मोटारसायकलवर बसलात. आणि मला? तुम्हाला माहीत होतं. कधीपासून, ते मला कळायला मार्ग नाही, पण रोज माझ्या हातचं खाताना माहीत होतं. तरी एक शब्द बोलला नाहीत. घाईने पक्ष्याचं नाव घेतलं म्हणून मला रडवणारे तुम्ही, एवढ्या मोठ्या गोष्टीला गप्प राहिलात. मला रागवायचं होतंत, सर. तिची तुम्ही क्षमा मागितलीत. मला साधं "असं का केलंस" म्हणण्याइतकंही आपलं मानलं नाहीत. तुमच्या गप्प राहण्याला लोक दया म्हणतील. मला ती दया नको होती.

हे मी शाळेच्या वहीत लिहिते आहे, मधल्या सुट्टीत. पत्र म्हणून हे टाकायला तुमचा पत्ताच उरलेला नाही. आणि ज्या बाईच्या हातात हे द्यायला हवं तिला वाचता येत नाही, म्हणजे तोंडानेच सांगावं लागेल.

संधी कालच होती. धक्का जवळ आल्यावर तिने विचारलं, "तुम्ही तर मास्तरांच्या जवळ असायच्या. तुम्हाला काय वाटतं बाई, कोणी सांगितलं असंल?" मुली उतरायच्या घाईत होत्या, होडी हलत होती. मी म्हणाले, "बाहेरचंच असणार कोणीतरी." तिने मान डोलावली, धक्क्यावर उडी मारली आणि मला उतरवून घ्यायला हात पुढे केला. मी तो धरला.