आत्याबाई बसल्या की लागणारा दिवा

३ फेब्रुवारी, सोमवार

लागला! पुन्हा लागला! स्टिअरिंगमागचा तो बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा. परभणीहून पेडगावला घरी येत होते. गाडी कडेला घेतली, बंद केली, चालू केली — दिवा गायब. जसं काही झालंच नाही.

मागच्या सीटवर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. खिडकीची काच पूर्ण खाली, पदर वाऱ्यावर. म्हणाल्या, "कामून थांबलीस? कोणी वळखीचं दिसलं का?"

५ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर गाडी परभणीला भुजंगच्या गॅरेजला नेली. त्यानं बॉनेट उघडलं, रेस दिली, मीटर लावला. चार्जिंग झकास! दिवा बंद! आमच्या चौथीतली पोरं गृहपाठ नसला की पोट धरून बसतात आणि दवाखान्याचं नाव काढलं की टुणकन उठतात — गाडीचं तेच.

"मॅडम, दिवा लागला की तसंच घेऊन या."

मागच्या महिन्यात त्यानं बॅटरी नवी बसवली होती. म्हणजे बॅटरीचा दोष नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज फजिती. आत्याबाईंना घेऊन भाजीबाजार केला. परत येताना दिवा लागला तो विझेचना. थोड्या वेळानं हेडलाइट पिवळे पडले, मग हॉर्न घोगरा झाला, आणि पेडगाव फाट्यावर गाडी मेली. टपरीवरच्या लोकांनी ढकलून बाजूला लावली. आत्याबाई खाली उतरून ज्याला त्याला सांगायलात, "दमली हो बिचारी. वय झालं."

माझे मिस्टर, सिद्धोधन, मोटारसायकलवर आले. दोरीनं बांधून कुणाच्या तरी ट्रॅक्टरमागं गाडी घरी.

जेवताना सिद्धोधन म्हणाले, "विकून टाकू." मी म्हटलं, नाही! ही गाडी आहे म्हणून मी दोन तालुके एकटी फिरते. मग ते बोटांवर हिशेब करायला लागले — "तू एकटी असलीस, दिवा लागत नाही. मी बसलो, लागत नाही. माय बसली की लागतो. माय, तुझ्या वजनाचा प्रताप हाय हा!"

हसले. मीही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. ठेचा पुढं केला तर नको म्हणाल्या. ठेचा! आत्याबाई!

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जाहीर झालं — "कमलच्या नातीच्या लग्नाला मी यष्टीनं जाईन. तुमची गाडी तुमाला लखलाभ."

कमलबाई त्यांची धाकटी बहीण, गंगाखेडला दिलेली. लग्न तेवीस तारखेला. गाडीतून जायचं, बहिणीच्या दारात उतरायचं, हे दिवाळीपासून ठरलेलं.

सिद्धोधन म्हणाले, "माय, गंमत केली गं."

"गंमत व्हती. पण खरी व्हती ना?"

  दिवा खरंच त्या असल्या की लागतो!

११ फेब्रुवारी, मंगळवार

बॅटरी चार्ज करून आणली, टोकं घासून पुसली. इंजिनचा पट्टा ताणून बघितला, बरा आहे. शाळेत जाऊन आले — दिवा नाही. आत्याबाई पण नाहीत. आरशात मागची सीट लय मोकळी दिसते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज प्रयोग! मुलांना विज्ञान शिकवते तर घरी पण शिकवावं की. वजनानं गाडी दबते, दबली की कुठली तरी वायर ओढली जाते, असं सिद्धोधनचं म्हणणं. ठीक आहे. मागच्या सीटवर तुरीचं पोतं उभं केलं. आत्याबाईंपेक्षा थोडं जडच. सिद्धोधन पुढं, मांडीवर मीटर, त्याच्या वायरी लांब करून खिडकीतून बॉनेटखाली बॅटरीला. फाट्यापर्यंत गेलो, आलो. खड्डे मुद्दाम घेतले.

दिवा लागला नाही! मीटरचा आकडा जागचा हलला नाही!

पळत आत गेले. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. म्हटलं, "आत्याबाई, तुमचं वजन निर्दोष सुटलं!"

वर न बघता म्हणाल्या, "माझ्या जाग्यावर पोतं बसवलं?"

"हो."

"काच खाली केली व्हती का त्याची?"

आणि फिसकन हसल्या. आठवडाभरानं! चहा दोनदा झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सापडलं!! हात काळे आहेत अजून, पण आधी लिहिते.

आत्याबाई स्वतःच तयार झाल्या. "पोतं काय सांगणार? मलाच बसवून बघा." त्या मागं, सिद्धोधन पुढं मीटर घेऊन. गाव सुटलं, शाळा गेली, दिवा नाही. ओढ्याजवळ नेहमीप्रमाणं मागून आवाज — "हळू, राजे, हळू चालव!" मी पाय सैल केला.

लागला दिवा! "पडला, आकडा पडला!" सिद्धोधन ओरडले. आत्याबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच की."

मी गाडी थांबवली. दिवा लागायच्या क्षणी मी काय केलं? त्या हळू म्हणाल्या, मी वेग कमी केला, पण गिअर चौथाच ठेवला — आळस माझा. इंजिन गुदमरलं, गाडी थरथरली. पोतं हळू म्हणत नाही! सिद्धोधन तर कधीच म्हणत नाहीत!

"आत्याबाई, खाली उतरा. झाडाखाली बसा जरा."

त्या उतरल्या. त्यांच्याशिवाय निघाले, चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम हळू. थरथर — दिवा. गिअर खाली घेतला — दिवा गेला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. रिकामी मागची सीट, आणि दिवा लागला म्हणून आम्ही दोघं टाळ्या वाजवायलोत! रस्त्यानं जाणाऱ्यांना काय वाटलं असेल!

घरी येऊन बॉनेट उघडलं. गाडी चालू ठेवून लाकडी दांड्यानं एकेक वायर हलवली. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडून तिला जाणारी जाड वायर हलवली की दिवा लागे. वरून धडधाकट. इंजिन बंद केलं, बॅटरीची टोकं सोडली, वायर काढून टोकाशी वाकवली तर मऊ पडली — आतली तांब्याची तार जवळजवळ सगळी तुटलेली. इंजिन थरथरलं की उरलीसुरली टोकं सुटायची.

आत्याबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, हातात फिरवली, आणि ती वायर घेऊन शेजारी गेल्या. दाखवायला!

१७ फेब्रुवारी, सोमवार

भुजंगनं नवी वायर टाकली. इंजिनखालचं रबर चिरलं होतं, म्हणून एवढी थरथर. तेही बदललं. "मॅडम, वजनाचं काय म्हणत व्हते साहेब?" म्हटलं, ते साहेबांनाच विचारा.

२३ फेब्रुवारी, रविवार

लग्न झकास झालं. आमच्या बौद्ध रीतीच्या पांढऱ्या साडीत नवरी चांदणीसारखी दिसत होती. कमलबाई दारात उभ्याच होत्या. आत्याबाई उतरल्या तर अंगणातली पोरं ओरडली, "आजी गाडीतून आली!"

जाताना मी खालच्या गिअरमध्ये हळूच चालवत होते. दिवा शांत. विचारलं, "आत्याबाई, भीती वाटते का वेगाची?"

"भीती कशाची?" मग बाहेर बोट दाखवत म्हणाल्या, "या रस्त्यानं लय चालले मी. सिद्धोला पाठीला बांधून निंदायला जायची. कुण्या बांधावर कोण पाणी द्यायचं, कोण न्हाई द्यायचं, सगळं मालूम हाय. तू भुर्रकन नेलीस तर काईच दिसत न्हाई. आन् त्या बांधावरल्यांना मी बी दिसले पायजे की न्हाई?"

 मी आणखी एक गिअर खाली घेतला.

२ मार्च, रविवार

सकाळी आत्याबाई पदर खोचून गाडीशी उभ्या. मी मागचं दार उघडलं. त्यांनी ते लावून टाकलं, पुढं आल्या आणि स्टिअरिंगमागं बसल्या.

"चावी दे. शिकव मला."

सिद्धोधन दारात, तोंडात ब्रश तसाच. मी चावी दिली. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा फाटकाबाहेर गेली!